मेमोरँडममधील अकरा उद्दिष्टे : ग्वाल्हेरमधील कलम ८ कंपनीचा माझा अनुभव

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लष्कर भागातील आमच्या गल्लीतले लोक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी रात्री-अपरात्री दारोदार फिरत होते. आम्ही चौघांनी वर्गणी काढून दोन यंत्रे आणि तीन फाउलर बेड (डोक्याकडची व पायांकडची बाजू वर उचलता येणारे रुग्णांचे पलंग) घेतले. लाट ओसरल्यावर हेच साहित्य जयारोग्य रुग्णालयातून घरी सोडलेल्या पक्षाघाताच्या आणि खुबा मोडलेल्या रुग्णांकडे जाऊ लागले. ओळखीपाळखीचे लोक पैसे देऊ लागले तेव्हा मात्र माझ्या मनाला स्वस्थता राहिली नाही, कारण दुसऱ्याचा पैसा आपल्या बचत खात्यात ठेवून सेवा करणे मला मान्य नव्हते.

मध्यप्रदेशात १९७३ च्या अधिनियमाखाली सोसायटी नोंदवायची तर किमान सात जण लागतात, आणि नावापुरते तीन जण गोळा करण्याची आमची इच्छा नव्हती. म्हणून कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम ८ ची, भागभांडवल नसलेली, सभासदांच्या हमीने मर्यादित (म्हणजे कंपनी बंद पडल्यास सभासदाची जबाबदारी त्याने हमी दिलेल्या रकमेपुरतीच) अशी खाजगी कंपनी आम्ही निवडली. तिला दोन सभासद आणि दोन संचालक पुरतात. नफा झाला तरी तो सभासदांना वाटता येत नाही, उद्दिष्टांवरच खर्च करावा लागतो, आणि ताळेबंद दरवर्षी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे जात असल्यामुळे देणगीदाराला तो पाहता येतो. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

मध्यप्रदेशचे कंपनी निबंधक कार्यालय ग्वाल्हेरातच असल्यामुळे आपले काम जयेंद्रगंजला दोन खेपा घालून होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नव्या कंपनीची नोंदणी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्राकडून आणि सर्वस्वी ऑनलाइन होते. डिजिटल स्वाक्षऱ्या दोन दिवसांत मिळाल्या. नावाचा पहिला प्रस्ताव आधीच्या एका नावाशी साम्य असल्यामुळे परत आला आणि दुसरा मंजूर झाला. खरा वेळ गेला तो पत्त्यात. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांहून जुने नसलेले वीजबिल आणि मालकाचे संमतिपत्र लागते, आणि आमच्या वाड्याचे बिल अजूनही माझ्या दिवंगत आजोबांच्या नावाने येत होते. नामांतरणासाठी काका आणि आत्या यांच्या सह्या जमवण्यात पाच आठवडे गेले. वडिलोपार्जित घरात कार्यालय ठेवणाऱ्यांनी बाकी सर्व कागदांच्या आधी हे बिल पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मेमोरँडम, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे आणि बंधने सांगणारा तिचा मूळ दस्तऐवज, मात्र आम्ही पुरेशा काळजीने वाचले नाही, आणि ती चूक आम्हाला दोन ठिकाणी भोवली. आमचे सर्व काम ज्यांच्या बळावर चालते त्या निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, चार सभासदांपैकी एक होत्या. साहित्याची देखभाल आणि घरी जाऊन रुग्णाला बेडवर कसे वळवायचे ते शिकवणे, यासाठी त्यांना दरमहा मानधन द्यावे असे आमचे ठरले होते. परंतु कलम ८ कंपनीच्या मेमोरँडमच्या विहित नमुन्यातच असे लिहिलेले असते की सभासदाला पदरचा झालेला खर्च, दिलेल्या कर्जावरील वाजवी व्याज किंवा जागेचे वाजवी भाडे यांपलीकडे मोबदला देता येणार नाही; अपवाद असतो तो फक्त सभासद म्हणून करावी लागत नाही अशा, प्रत्यक्ष केलेल्या सेवेच्या वाजवी मोबदल्याचा. सभासद नसलेल्या व्यक्तीला केलेल्या कामाचा योग्य मोबदला देताना मात्र असा प्रश्नच येत नाही. म्हणून सिस्टरांनी सभासदत्व सोडले आणि नेमणूकपत्र घेतले. त्यांना त्याचे वाईट वाटले, आणि ते योग्यही होते. सही करण्यापूर्वी कोण सभासद राहणार आणि कोण वेतन घेणार, हे आम्ही चौघांनी समोरासमोर बसून ठरवले असते तर ती वेळ आली नसती.

दुसरी चूक उद्दिष्टांची. ज्या व्यावसायिकाकडे आम्ही मसुदा सोपवला होता, त्यांनी रुग्णसाहित्याबरोबर शिक्षण, पर्यावरण, गोसेवा, क्रीडा, महिला सक्षमीकरण अशी एकूण अकरा उद्दिष्टे घातली. पुढे केव्हातरी उपयोगी पडतील, असे त्यांचे म्हणणे. आयकरातील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी सहज मिळाली. नियमित नोंदणीचा अर्ज तात्पुरती नोंदणी संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतील जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. आमचे काम चालूच असल्याने दुसरी मुदत लागू होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. प्रत्यक्ष कर मंडळाने त्या काळात मुदती वाढवल्या होत्या, म्हणूनच २०२३ मधील आमचा अर्ज ग्राह्य धरला गेला. त्यावर पहिलाच प्रश्न आला तो हा, की अकरापैकी प्रत्येक उद्दिष्टाखाली काय काम केले त्याचे पुरावे द्यावेत. आमच्याकडे पुरावा होता तो एकाचाच: साहित्याची नोंदवही, पावत्या, छायाचित्रे. शिवाय आयकराच्या दृष्टीने वैद्यकीय साहाय्य हा धर्मादाय कार्याचा स्वतंत्र प्रकार आहे, तर 'सर्वसामान्य लोकोपयोगी कार्य' या प्रकारात शुल्क घेऊन केलेल्या कामाच्या उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा येते. आम्ही बेडचे नाममात्र भाडे घेत असल्यामुळे आपण कोणत्या प्रकारात बसतो, हे स्पष्ट असणे आवश्यक होते. आम्ही खरे तेच लिहून दिले आणि नोंदणी पाच वर्षांसाठी मिळाली. त्यानंतर उद्दिष्टे कमी करण्याचे ठरवले, तर कलम ८ कंपनीला मेमोरँडममधील बदलासाठी सभासदांचा विशेष ठराव पुरत नाही, सरकारची पूर्वमंजुरीही लागते, आणि बदल झाल्यावर ३० दिवसांत आयकर विभागाकडे पुन्हा अर्ज करावा लागतो. एका दुपारच्या निष्काळजीपणाचे हे काम जवळजवळ वर्षभर चालले.

रोजच्या हिशेबात सर्वाधिक दक्षता आम्ही साहित्य नेणाऱ्यांकडून घेतलेल्या अनामत रकमेबाबत घेतो. अनामत हे उत्पन्न नाही, ते देणे आहे, म्हणून तिची वही वेगळी ठेवतो. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो, आणि नवीन बेडची खरेदी त्यात धरली जाते. पुष्कळदा असे होते की रुग्ण दगावल्यावर मुलगा बेड परत आणून देतो आणि म्हणतो, अनामत राहू द्या, आईच्या नावाने देणगी समजा. अशा वेळी पॅन क्रमांक विचारणे फार जड जाते. परंतु ८०जी च्या देणगीचे विवरण ३१ मेपर्यंत भरावे लागते, त्यात देणगीदाराची ओळख लागते, आणि दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर त्यांना सवलत मिळत नाही. म्हणून सिस्टरांनी एक रीत घातली आहे. त्या आधी अनामत पूर्ण परत करतात, सही घेतात, आणि देणगी द्यायची असल्यास तेराव्यानंतर सवडीने बँकेतून पाठवा, असे सांगतात. बहुतेक जण पाठवतात. तोपर्यंत बेड धुऊन, गादीचे आवरण बदलून, हजिऱ्याच्या किंवा मुरारच्या दुसऱ्या घरी गेलेला असतो.