सहा बाय तीन

एप्रिलातली दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं आणि ते कोणी भरायचं या विषयावर घरात सगळ्यांनी मौन धरलेलं. तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला, "जुन्या गाद्या, उशा, रजया पिंजून भरून मिळतील. दारात मशीन, डोळ्यांसमोर काम."

आमच्या लहानपणी पिंजारी यायचा तो खांद्यावर धनुकली टाकून. तिच्या तातीचा टंण टंण आवाज दिवसभर अंगणात चालायचा आणि संध्याकाळी त्याच्या भुवयांपासून तुळशीपर्यंत सगळं पांढरं झालेलं असायचं. आता टेम्पोच्या पाठीवर यंत्र. एका बाजूनं पिढ्यानपिढ्यांचे गठ्ठे कोंबायचे, दुसऱ्या बाजूनं भुसभुशीत कापूस. दहा-बारा किलोची गादी बघता बघता तयार होते. आवाज मात्र असा, की बोलायचं ते हातवारे करून.

"माप काय, सहा बाय तीनच ना?" गादीवाल्यानं ओरडून विचारलं. मी मान हलवणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, मागच्या मे महिन्यात थोरल्याचे पाय कुठवर आले होते, ते बघितलंत ना?"

थोरला म्हणजे माझा थोरला भाचा. थोरल्या बहिणीचा एक, धाकटीचे दोन आणि आमचा एक अशी ही चौकडी दर मे महिन्यात आमच्याकडे अंबाजोगाईला जमते. इतरांच्या मामांच्या गावाला रेल्वे जाते. आमच्याकडे परळीला नाहीतर लातूरला उतरायचं आणि पुढं एसटी. हे पोरांना फार लहानपणी कळलं आणि त्याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पण गाव बालाघाटाच्या डोंगरावर, त्यामुळे रात्री दहाच्या पुढं वारा सुटतो. तो वारा फक्त गच्चीवर असतो. खालच्या खोल्यांत पंखे दिवसभराची गरम हवाच इकडून तिकडे करत बसतात. म्हणून सगळी पलटण वर. पाच वाजता पहिलं पाणी मारायचं. ते पडल्या पडल्या चुर्र होतं आणि गच्ची वाफ सोडते. साडेसहाला दुसरं. दुसऱ्या पाण्याला आवाज आला नाही की समजायचं, आता पाठ टेकता येईल. यातलं निम्मं पाणी पोरं एकमेकांवर मारतात ते वेगळं.

मग गाद्या. माळ्यावर त्यांची चवड असते आणि ती खाली काढताना प्रत्येकाला एकदा तरी तिच्यावर उडी मारायची असते. आम्ही मारायचो, पोरंही मारतात. थोरला परवापरवापर्यंत मारत होता. मागच्या वर्षी त्यानं नुसतं चवडीकडे बघितलं, मग माळ्याच्या उंचीकडे बघितलं आणि हात वर करून, स्टुलावर न चढता, गाद्या काढून दिल्या. घरातलं स्टूल त्या दिवशी बेकार झालं.

गाद्या घालण्याबाबत माझे काही नियम आहेत. बायको त्यांना खूळ म्हणते. गादी आधी झटकायची, विंचवासाठी. गादीला गादी चिकटवायची, मध्ये फट नको, नाहीतर रात्री कोणीतरी त्या फटीत जातो आणि सकाळी मान धरून बसतो. उत्तरेला डोकं नको आणि दक्षिणेला पाय नकोत. या दोन अटी मिळून एकच अट होते हे थोरल्यानं चौथीत असताना मला गच्चीवर उभं राहून, हातवारे करून समजावून सांगितलं होतं. तरी मी दोन्ही सांगतो. आमचे आप्पा दोन्ही सांगायचे.

पोरं काय, पूर्वेकडे डोकं करून झोपतात. पहाटे धाकट्याचं डोकं आग्नेयेला असतं आणि पाय मधल्याच्या बरगडीत.

जागांवरून भांडणं ठरलेली. कडेला कोणी नको म्हणायचं, कारण भूत कडेनं सुरुवात करतं. मधोमधही नको, तिथं दोन्हीकडून लाथा. आजीशेजारची जागा सगळ्यांनाच हवी असायची, कारण आजी गोष्ट सांगताना झोपून जायची आणि पुढची गोष्ट आपल्याला हवी तशी करता यायची. अलीकडे उलटं झालंय. आजीशेजारी कोण, असं विचारलं की चौघंही चपला शोधायला लागतात. आजीला रात्री तीनदा पाणी लागतं ना.

झटकलेला विंचू खाली कधी सापडला नाही, पण वरचा रोज सापडायचा. दहाच्या सुमाराला आग्नेयेकडून वृश्चिक वर यायला लागतं, नांगीसकट, आणि त्यातली ज्येष्ठा ही लालसर चांदणी कोणालाही दाखवता येते. सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसते का, ही आमच्याकडची डोळे तपासायची पद्धत. मधल्याला सलग दोन उन्हाळे अरुंधती दिसत होती. पुढं शाळेत त्याला फळ्यावरचंही दिसत नाही असं निघालं आणि जाड चष्मा लागला. "मग अरुंधती कशी दिसायची रे?" "सगळ्यांना दिसत होती, म्हणून मलापण." आता त्याच्या मोबाइलमधलं ॲप आकाशाकडे धरलं की नावं येतात. छान आहे. पण त्या उजेडानं बाकीच्यांना काही दिसेनासं होतं.

एका रात्री मी पोरांना दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलं. आमच्या गावात राहून तेवढं तरी सांगावं लागतं. सोळाव्या शतकातला माणूस, लिहायला कापड घेतलं, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद, आणि त्यावर पंचीकरण लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून सुरुवात करून थेट ब्रह्मापर्यंत. मी चांगला रंगात आलो होतो. पोरं गप्प होती, मला वाटलं परिणाम होतोय. मग अंधारातून मधल्याचा आवाज आला, "40 फूट म्हणजे आडवी टाकली तर आपण सगळे मावतो. मामीपण." थोडा वेळ शांतता. हिशेब चालू होता. "पण रुंदी चारच. पाय बाहेर राहणार." थोरला म्हणाला, "माझे तर गुडघ्यापासून." मग चादर कोणाची किती आखूड यावर जी जुंपली ती बाराला संपली. पंचीकरण राहून गेलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरात तेरा ते अठरा वयोगटातलं कोणी नसावं. या पोरांचे पाय ती झोपलेली असताना वाढतात. पॅन्ट दिवाळीत घ्यावी, ती संक्रांतीला घोट्याच्या वर. बहिणी फोनवर हेच सांगत असतात, तक्रारीच्या सुरात, पण त्यातला अभिमान लपत नाही.

2016 साली गच्चीवर पाणी मारलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बहिणींना म्हटलं, यंदा नका येऊ. पण आई म्हणाली, येऊ देत, वाटेत बाटल्या भरून घ्या म्हणावं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, अंघोळीचं पाणी संडासात, असा कारभार. रात्री गाद्यांखाली गच्ची तापलेलीच असायची आणि पोरं कुशी बदलत पडायची. कोणी कुरकुरलं नाही. त्यांचा हट्ट एकच, पाण्याची रेल्वे दाखव. मी कामाचं निमित्त सांगून टाळत राहिलो. मधला तेव्हा दुसरीतून तिसरीत गेला होता. एका रात्री तो म्हणाला, "मामा, तुझ्या गावाला रेल्वे नाही, पाणी नाही, आणि पाण्याची रेल्वे आली तर ती पण दुसऱ्याच गावाला." आता तो वकील व्हायचं म्हणतो. होऊ दे.

त्याच्या बरोब्बर उलटी रात्र म्हणजे अवकाळीची. दोनच्या सुमाराला आधी वाऱ्याला मातीचा वास येतो. मग एक टपोरा थेंब, नेमका नाकावर. त्यानंतर आईची आरोळी, "उठा रे लेकरांनो, पाऊस यायलाय!" यापुढच्या पाच मिनिटांत जे होतं त्याची तालीम कोणी केलेली नसते. गाद्या जिन्यातून खाली जायला हव्यात आणि जिना एका माणसाचा. एकजण उशा वरूनच अंगणात फेकतो, दुसरा त्या ओल्या अंगणातून गोळा करतो. एका वर्षी थोरला आणि आमचा चिरंजीव यांनी मोठ्या तडफेनं एक गादी गुंडाळली, दोन्हीकडून धरली आणि पाच-सहा पायऱ्या उतरले. मग आमचा म्हणाला, "ही जड का लागायलीय?" तेवढ्यात गादी बोलली. धाकटा आत होता. तो जागा झाला नव्हता, झोपेत पाणी मागत होता. गादीसकट त्याला तसाच खाली आणून पलंगाशी ठेवला, तोंड तेवढं मोकळं केलं. सकाळी उठून तो म्हणाला, "पाऊस आला होता? मला का नाही उठवलं?" आणि दिवसभर फुगून बसला.

सकाळच्या खाण्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगतो की आई तव्यापाशी असते, धपाटी टाकत असते आणि कोणी किती खाल्ली हे मोजायला घरात बंदी आहे. मोजलं की दृष्ट लागते म्हणे. मी मनातल्या मनात मोजतो. दह्याचं पातेलं नऊ वाजता घासायला पडलेलं असतं.

थोरला दहावीनंतर पुण्याहून लातूरला आला, नीटच्या क्लाससाठी. लातूर पॅटर्नची ख्याती पुण्यातल्या आयांपर्यंत कधीच पोचली आहे. आम्हाला आनंद झाला, पोरगं आता एसटीनं दीड-दोन तासांवर. दोन वर्षांत ते मोजून चारदा आलं असेल, तेही जेवायला. पुण्यात होता तेव्हा निदान पूर्ण मे महिना आमचा असायचा. मागच्या मे महिन्यात परीक्षा झाली आणि तो पाठीवर सॅक टाकून दारात उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, आवाज थेट तळघरातून येणारा. आईनं वाकून नमस्कार करू दिला खरा, पण आशीर्वाद द्यायला तिचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचला तो केवळ तो वाकला होता म्हणून.

आमच्या गच्चीचा कठडा मागच्या बाजूला गुडघाभरच आहे. आप्पांनी घर बांधलं तेव्हा पैसे तिथं येऊन संपले. "पुढं वाढवू," असं ते म्हणायचे आणि तोवर स्वतः त्या कडेला झोपायचे, उशाखाली बॅटरी ठेवून. झोपेत चालणारं, लोळणारं कोणीही असो, आधी त्यांच्यावर आपटणार. आम्ही भावंडं त्यांच्यावर आपटलोही आहोत. ते गेल्यावर ती जागा माझ्याकडे आली. कठडा अजून गुडघाभरच.

मागच्या वर्षी पहिल्या रात्री मी वर गेलो तर थोरल्यानं आपली गादी ओढत नेऊन तिथं टाकली होती. अगदी कडेला. कोणी सांगितलं नव्हतं. पाय गादीबाहेर वीतभर, दोन्ही हात डोक्याखाली. मला एकदम काही बोलता येईना. खाली आलो, बायकोला सांगितलं, आईला सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला. तिच्या लेखी आप्पाच परत आले होते. सकाळी धपाटी वाढताना तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणा रे माझा राजा, कडेला झोपलास."

"तिथंच रेंज येते, आजी," तो म्हणाला आणि दही पुढं ओढलं.

दुपारी कोणी बघत नाही असं पाहून मी वर जाऊन मोबाइल धरून बघितला. येते खरी. माझी गादी मी आता टाकीपाशी घालतो, तिथं वाराही बरा लागतो.