गवत कापणाऱ्यांच्या डोळ्यांना चष्मा द्या

आज आमच्या गोरेगावच्या सोसायटीत गवत कापायला दोघं आले होते. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेनं कमरेएवढं रान माजलंय. पाठीवर पेट्रोलचं इंजिन, तिथून हातातल्या दांड्यापर्यंत आलेला लवचिक शाफ्ट आणि टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. इंजिनाचं वजन पाठीवर राहतं, त्यामुळे उतारावर दांडा फिरवायला हे मशीन बरं पडतं. दोरीऐवजी बारीक दात्यांचं गोल पातं लावलं की यानंच भातकापणीही होते.

त्यातले मोठे मामा पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल अगदी मापून घालत होते. "ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो," म्हणाले. मशीनची एवढी काळजी! आणि स्वतःच्या डोळ्यांवर काही नाही, कानात काही नाही, पायात साध्या स्लीपर. दोरीनं उडवलेला खडा माझ्यासमोर उभ्या स्कूटरवर टणकन आपटला. तो डोळ्यात गेला असता तर? शिवाय साचलेल्या पाण्यात उघड्या पायांनी उभं राहायचं म्हणजे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती आहेच.

मला राहवलं नाही. सेक्रेटरीकाकांना लगेच फोन केला. ठेकेदाराला काम देतानाच चष्मा, कानाचे मफ आणि गमबूट लिहून घ्या म्हटलं. आणि मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी फिरकू नये, मुलं तर नाहीच. काका तयार झालेत. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेणार आहेत, मी जाणार आहे.