ग्रीसचा समर प्रोग्राम आणि माझा भारतीय पासपोर्ट

मी मूळची नगरची, सध्या अमेरिकेत एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत थर्ड इयरला आहे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या ग्रीसमधल्या प्रवासाच्या मार्गावरून चार आठवड्यांचा प्रोग्राम असतो, फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया, अथेनै, करिंथ, आणि त्याचे सहा क्रेडिट्स मिळतात. 2025 च्या बॅचला माझं सिलेक्शन झालं. ग्रुपमध्ये भारतीय पासपोर्टवाली मी एकटीच, आणि हे लिहायचं खरं कारण तेच आहे, कारण ऑफिसने जी चेकलिस्ट दिली ती अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी होती, त्यांना ग्रीसला 90 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, त्यामुळे त्यात व्हिसाबद्दल फक्त एक ओळ होती की इंटरनॅशनल स्टुडंट्सनी आपलं आपण बघावं.

अर्ज तसा सोपा होता. दोन निबंध, डिपॉझिट, वागणुकीच्या नियमांवर सही (तिकडे वयात बसत असलो तरी दारू नाही वगैरे) आणि पाळकांचं शिफारसपत्र. माझं पत्र आमच्या नगरच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी दिलं, रविवारची उपासना झाल्यावर व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही दोघांनी मिळून तो ऑनलाइन फॉर्म भरला, त्यांनी शेवटी प्रार्थना केली आणि मग सबमिट दाबलं.

मग व्हिसा. ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायला हवी ना! मी जानेवारीत बघायला सुरुवात केली तर एप्रिलपर्यंत काहीच दिसेना, रोज रात्री झोपायच्या आधी एकदा साइट उघडायची सवयच लागली, शेवटी कोणीतरी कॅन्सल केलेला 8 एप्रिलचा स्लॉट हाती लागला. फी 90 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा.

जास्त दमवलं ते कागदांनी. इन्शुरन्स युनिव्हर्सिटीचा होता पण त्यांचं पत्र सगळ्या ग्रुपसाठी एकच, त्यावर माझं नाव नाही, तारखा नाहीत, आणि शेंगेनला कमीत कमी 30,000 युरोचं कव्हर, आजारी पडल्यास मायदेशी परत न्यायच्या खर्चासकट, स्पष्ट लिहिलेलं लागतं. हॉटेल बुकिंगचंही तेच, सगळी बुकिंग प्रोफेसरांच्या नावावर. मी स्वतः पत्रांचे मसुदे टाइप करून ऑफिसमध्ये नेले आणि सही-शिक्का घेतला, कोणी करेल म्हणून वाट बघू नका, त्यांना खरंच माहीत नसतं. पप्पांचं बँक स्टेटमेंट आणि खर्च आम्ही करतोय असं त्यांचं सहीचं पत्र नगरहून मागवलं.

आणि फोटो! मी कॅम्पसजवळच्या दुकानातून पासपोर्ट फोटो काढून नेले होते, ते अमेरिकन मापाचे, दोन बाय दोन इंच चौकोनी. काउंटरवरच्या बाईंनी पट्टी ठेवून मोजले आणि परत दिले, शेंगेनला 35 बाय 45 मिलिमीटर लागतात. अपॉइंटमेंट चालू असताना मी फाइल छातीशी धरून रस्त्यावर फोटोवाला शोधत पळतेय, पोटात नुसता गोळा. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा त्याच बाईंनी मला आत घेतलं, फिंगरप्रिंट घेतले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अजून एक, याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ग्रीसला जायच्या नादात अमेरिकेत परत यायचे कागद बघायचे राहतात. आय-ट्वेंटीच्या (युनिव्हर्सिटीने परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या फॉर्मच्या) दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी आणि पासपोर्टमधला एफ-वन, म्हणजे अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा परत येण्याच्या दिवशी चालू हवा. माझा 2027 पर्यंत होता. आपला संपलेला असेल तर कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन संपलेल्या व्हिसावर परत येता येतं ती सवलत युरोपला लागू होत नाही, आधी नवा व्हिसा स्टॅम्प घ्यावा लागेल, तेव्हा अर्ज करायच्या आधीच बघा.

कपड्यांचं सोपं होतं. मेटेओराच्या, म्हणजे ग्रीसमधल्या उंच कड्यांवरच्या मठांमध्ये बायकांना पँट चालत नाही, लांब स्कर्ट लागतो, खांदे झाकलेले हवेत. वर्गातल्या मुली काय घ्यायचं म्हणून काळजीत होत्या, मी माझ्या दोन कॉटनच्या ओढण्या देऊन टाकल्या.

अभ्यासाची तयारी मात्र मनापासून आवडली. दर गुरुवारी क्लास, ग्रीक मुळाक्षरं, आणि प्रत्येकाने एका जागेवर उभं राहून बोलायचं. मला करिंथमधलं न्यायासन मिळालं, जिथे पौलाला गल्लियो या रोमन सुभेदारापुढे उभं केलं. डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखात या गल्लियोचं नाव आहे, त्यावरून तो इ.स. 51-52 च्या सुमारास तिथे होता हे कळतं आणि पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा त्याच्या आधाराने लावतात. हे मी फोनवर आज्जीला सांगितलं. तिने आपलं जुनं बायबल उघडलं, प्रेषितांची कृत्ये अठरावा अध्याय मोठ्याने वाचला, मी इकडे ग्रीक ओळींवर बोट ठेवून बसले. मग म्हणाली, "अगं, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुला चोवीस अक्षरं जमतील बाळा." त्या रात्री मी पहिल्यांदा न अडखळता एक पूर्ण वचन वाचलं.

पासपोर्ट 9 मेला परत आला, फ्लाइट 19 ला. स्टिकरवरचं नाव, तारखा, किती एंट्री ते तिथेच उभं राहून तपासलं.

आज्जीची एकच मागणी होती. फिलिप्पैजवळच्या ज्या नदीकाठी, पौलाचं ऐकून विश्वास ठेवलेल्या लुदिया या बाईचा बाप्तिस्मा झाला असं मानतात तिथलं पाणी. म्हणून सगळं भरून झाल्यावर बॅगेत वरती एक छोटी रिकामी बाटली ठेवली, घट्ट झाकणाची.