तुम्ही विचारलंत म्हणून: मोडेमचा बग की स्वभाव?

एके काळी मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोन लाइनवरून इंटरनेटशी जोडणारे डबे, दुरुस्त करायचो, म्हणून ओळखीचे अजून विचारतात, "आमचा मोडेम विचित्र वागतोय. हा बग म्हणायचा की त्याचा स्वभावच?"

बहुतेक वेळा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. एका काकांकडे पावसाळ्यात फोनचा रिसीव्हर उचलला की ब्रॉडबँड चालू, ठेवला की बंद. त्यांनी मोडेम बदलूनही पाहिला. दोष होता तांब्याच्या तारेच्या गंजक्या जोडात. रिसीव्हर उचलला की लाइनीतून करंट वाहतो आणि तो जोड तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागतो. लाइनमनने नवा जोड मारला, विषय संपला.

एक किस्सा मात्र अजून डोक्यातून जात नाही. डायल-अपचे दिवस, म्हणजे मोडेमने फोन लावला की इंटरनेट चालू, फोन ठेवला की बंद. मोडेमला फोन ठेवायला कसं सांगायचं, असं एका मित्राने विचारलं होतं. मी मेलमध्ये लिहिलं: तीन अधिक चिन्हं, त्याला लागून एटीएच०, मग एंटर. अर्थात ती आज्ञा जशीच्या तशी, इंग्रजी अक्षरांत. 'सेंड' दाबलं आणि लाइन कट. पुन्हा डायल केलं, मेल आउटबॉक्समध्येच, पुन्हा कट. असं चार वेळा. दर खेपेला नवा कॉल, बिलात भर. फोन कसा ठेवायचा हे सांगणारी मेल स्वतःच फोन ठेवत होती!

कॉम्प्युटरकडून मोडेमला डेटा आणि आज्ञा एकाच वायरीतून येतात. मग आज्ञा कुठली, हे ओळखायचं कसं? हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून रूढ झालेली खूण म्हणजे +++. पण तेवढं पुरत नाही, कारण ही चिन्हं मजकुरातही येऊ शकतात. म्हणून हेजचे सहसंस्थापक डेल हेदरिंग्टन यांनी अट घातली: चिन्हांच्या आधी आणि नंतर साधारण एक सेकंद शांतता हवी. धावत्या मजकुरात अशी शांतता सहसा पडत नाही. साधी पण अफलातून युक्ती. १९८५ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि ती वापरायची तर हेजला पैसे मोजणं आलं. ते टाळायला काही उत्पादकांनी शांततेची अटच काढून टाकली: +++ नंतर लगेच वैध आज्ञा आणि एंटर आला, की ती पाळायची. माझा स्वस्तातला मोडेम त्यांतलाच.

आता हा बग का? बनवणारे म्हणतील, छे, आम्ही ठरवूनच असं केलंय. खरंय, गफलत कुणाचीच नव्हती. तरी मी याला बगच म्हणतो. पत्रात 'आता घरी जा' असं लिहिलेलं वाचून पोस्टमन थैली टाकून घरी गेला, तर त्याने आज्ञा पाळली म्हणून कौतुक करायचं का? आतलं न वाचता पोचवणं हेच त्याचं काम. (उलट कनेक्ट होताना मोडेममधून येणारी ती किंचाळी अनेकांना बिघाड वाटायची, ती तर दोन मोडेमची आपसांतली बोलणी!)

उपाय अर्ध्या ओळीचा होता: सेटिंगमध्ये एस२=२५५ लिहायचं, की ती खूण ओळखणंच बंद. लिहिलं, मेल गेली.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन. "मेल मिळाली रे, पण तिला उत्तरच देता येत नाहीये. पाठवायला गेलं की लाइन कट होते."

उत्तरात माझी मेल खाली तशीच जोडलेली होती.