डेक्सा नको म्हटलं ती रात्र

दहीहंडीच्या दिवशी दुपार कलली की आमच्या कॅज्युअल्टीत गोविंदांची रीघ लागते. हा त्यातलाच, विशीतला पोरगा. स्वतः पडलाच, वर आणखी एक जण त्याच्या हातावर आदळला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली, हात टम्म फुगलेला. आणि पोटात नुकतेच खाल्लेले वडापाव! भरल्या पोटी पूर्ण भूल द्यायची म्हणजे उलटी फुप्फुसात जायची धास्ती. म्हणून सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक ठरला, म्हणजे गळपट्टीच्या हाडावर सुई देऊन फक्त हात बधिर करायचा.

रेसिडेंटने ट्रॉलीवर बधिर करणारं ब्युपिव्हेकेन, आणि त्यात मिसळायला डेक्सामेथासोन (आमचं 'डेक्सा', एक स्टेरॉइड) आणि डेक्समेडेटोमिडिन ('डेक्समेड') मांडून ठेवलं होतं. "मॅडम, डेक्सा घालूया ना? सकाळपर्यंत शांत झोपेल."

एरवी मीही घालते. ब्युपिव्हेकेनमध्ये चार मिलिग्रॅम डेक्सा घातलं की ब्लॉक कित्येक तास लांबतो. डेक्समेडनेही लांबतो, पण नाडी मंदावते, बीपी उतरतं. इथे मात्र मला लांबवायचंच नव्हतं. तरुण स्नायू, चेंगरलेला हात. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम झाला, तर पहिली ओरड दुखण्याचीच असते. ब्लॉकमुळे ती खरंच दबते का, यावर आमच्यात वाद आहे. मी तो वाद या पोराच्या हातावर खेळायला तयार नव्हते.

"लिग्नोकेन-अ‍ॅड्रिनलिन भर," मी म्हटलं. लिग्नोकेन बधिर करतं, पण ब्युपिव्हेकेनपेक्षा लवकर उतरतं. अ‍ॅड्रिनलिनही मिसळलेलंच औषध, आणि या धंद्यातलं सगळ्यात जुनं: हाइनरिश ब्राउन यांनी 1903 मध्येच ते कोकेनसोबत वापरलं होतं. रक्तवाहिन्या आवळतात, औषध जागेवर टिकतं, पण रात्रभर नाही. सोनोग्राफीवर धडधडणाऱ्या धमनीशेजारी नसांचा घड दिसला, सुई पुढे सरकली, पडद्यावर काळं दिसणारं औषध नसांभोवती पसरलं. थोड्या वेळात पोरगा म्हणाला, "हात माझा नाहीच वाटत."

प्लेटिंग झालं. रात्री वॉर्डातून फोन आला: दुखतंय, पेनकिलर देऊनही थांबत नाही. गेले तर नाडी लागत होती, बोटं गरम होती. नर्सला वाटलं, ब्लॉक उतरला म्हणून कळवळतोय. मी त्याचं मधलं बोट हळूच सरळ केलं आणि तो पलंगावरून उठलाच. स्नायू ताणला की असं दुखणं ही कंपार्टमेंट सिंड्रोमचीच खूण. ऑर्थोच्या सरांना उठवलं. फॅसिओटॉमीत, म्हणजे दाब सोडवायला स्नायूंवरचं आवरण चिरल्यावर, स्नायू गडद होते, पण चिमट्याने धरले की आकसत होते. वाचले.

रेसिडेंट पहाटे चहा पिताना म्हणाला, "मग मॅडम, डेक्सा बंदच करायचं का?"

"वेडा आहेस का? सकाळी खांद्याची केस आहे ना, त्या काकांना घालायचंच. खांदा पहिल्या रात्री जीव खातो. फक्त त्यांची शुगर आधी बघून घे, आणि रोपिव्हेकेनमध्ये मिसळू नकोस, स्फटिक धरतात. ब्युपिव्हेकेन घे."