अबोल असणं हा दोष कसा?

कॅनडातल्या मिसिसॉगा शहरात नव्याने आलेल्यांसाठीच्या आमच्या इंग्रजीच्या वर्गात सध्या 'पर्सनॅलिटी' हा विषय चालू आहे. त्यात वाटलेल्या एका कागदावरून माझं डोकं अजून तापलेलं आहे. कागदावर स्वभावाची विशेषणं आणि शेजारी दोन रकाने, गुण आणि दोष. उत्तरं मागच्या बाजूला छापलेली. 'कॉन्फिडन्ट', 'आउटगोइंग' हे गुण. 'शाय' आणि 'क्वाएट' मात्र दोषांत, 'लेझी' आणि 'रूड'च्या पंगतीत!

माझ्या वडिलांनी सांगलीत बँकेची अख्खी नोकरी मोजकं बोलून काढली. कर्जासाठी अडलेला शेतकरी बडबड्या साहेबाला टाळून त्यांच्याच टेबलाशी यायचा, कारण तिथे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जायचं. मी त्यांच्यावर गेले, असं घरात कौतुकाने सांगत. आपल्याकडेही एखादीला घुमी म्हणून नावं ठेवतात, मान्य आहे. पण ते मनात डूख धरणाऱ्या माणसाला. शांत माणसाला आपण समंजसच म्हणतो.

बाईंना मी हे सांगितलं. (इथे शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ तिथे अडते, मी 'टीचर'च म्हणते.) त्यांनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, हा कागद नोकरीच्या मुलाखतीसाठी आहे. तिथे 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' हा प्रश्न हमखास येतो आणि तुम्ही गप्प बसलात तर तुमचं काम तुमच्या वतीने कोणी सांगणार नाही. मग माझ्या वहीत त्यांनी स्वतः लिहून दिलं, 'गुड लिसनर'. तेवढं मी मुलाखतीत सांगेन, कारण ते खरं आहे. पण आपल्याच तोंडाने आपण किती मेहनती, किती हुशार हे अनोळखी माणसाला ऐकवायचं, याला आत्मविश्वास म्हणणं मला पटलेलं नाही आणि पटेलसं वाटत नाही. चार माणसांत दुसऱ्याने आपलं नाव काढावं, ही आपली रीत मला अधिक सभ्य वाटते.

स्वभावापाठोपाठ अवयवांवरचे वाक्प्रचार आले. इंग्रजीत बराचसा स्वभाव अवयवांवरूनच सांगतात. गर्विष्ठ तो 'बिग-हेडेड', नको तिथे चौकशा करणारा 'नोझी', दुटप्पी तो 'टू-फेस्ड'. इथे मात्र मी सगळ्यांच्या पुढे. चौथीच्या स्कॉलरशिपसाठी नाकी नऊ येणे, कानाडोळा करणे, हात टेकणे असे वाक्प्रचार घोकलेल्या माणसाला या गोष्टीचं काय भय? 'पुलिंग माय लेग', म्हणजे माझी थट्टा करणं, आलं तेव्हा कोलंबियाची मैत्रीण म्हणाली, आमच्या स्पॅनिशमध्ये पाय नाही, केस धरतात. युक्रेनचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे थाप मारणारा कानांवर शेवया टांगतो. सीरियाच्या आजोबांना कोणी खुर्ची सरकवायला सांगितली की ते 'अला रासी' म्हणत डोक्याला हात लावतात. तुमचा शब्द माझ्या डोक्यावर, म्हणजे आनंदाने. त्या दिवशी सगळा वर्ग तसा हात लावून बघत होता.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग'वर, म्हणजे फार महाग पडणं. मी अर्धवेळ काम करते त्या गोदामात हे मी कधीच ऐकलेलं नाही. तिथे रोज कानावर पडतं ते 'गिव्ह मी अ हँड' (जरा हात लाव), 'कीप ॲन आय ऑन इट' (लक्ष ठेव) आणि 'जस्ट अ हेड्स अप'. हे शेवटचं म्हणजे आगाऊ सूचना, 'उद्या शिफ्ट लवकर सुरू होणार' अशा बातमीआधीची. नव्याने आलेल्या माणसाने आधी हे नुसते कानाने ओळखायला शिकावं. बोलताना साधं इंग्रजी पुरतं, कोणी अडवत नाही.

एवढी तक्रार करूनही या वर्गाला मी नावं ठेवणार नाही. 'लिंक' नावाची ही योजना कॅनडाचं केंद्र सरकार 1992 पासून चालवतं. फी शून्य. आधी चाचणी घेऊन पातळी ठरवतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांच्या बारा-बारा पातळ्या आहेत. 18 ते 54 वयाच्या माणसाला नागरिकत्वासाठी ऐकण्या-बोलण्यात चौथी पातळी लागते. काही केंद्रांत शेजारच्या खोलीत लहान मुलंही सांभाळतात, त्यामुळे लेकुरवाळ्या बायकांना येता येतं. परक्या देशातून आलेल्या प्रौढ माणसाला सरकारने इतक्या सन्मानाने शिकवावं, हे मला फार मोठं वाटतं.

तिकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. स्टुडंट किंवा वर्क परमिटवर हा वर्ग मिळत नाही, पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, लागतो. आणि नागरिकत्व घेतलं की केंद्र सरकारच्या पैशातल्या या वर्गाला बसता येत नाही. तेव्हा 'आधी नोकरी, मग बघू' करू नका, संध्याकाळचे वर्गही असतात. माझी धाकटी जाऊ पुढच्या महिन्यात येते आहे. तिचं नाव चाचणीसाठी आल्या आल्या घालायचं ठरलं आहे. तीही अबोलच आहे.