पांढरी एकचा सा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षे शिकवतो आहे. आमच्याकडे संगीत शिक्षकाची जागा कधीच नव्हती; तरुणपणी बेळगावात पेटी शिकलो होतो, म्हणून गाणी बसवण्याचे काम माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले. प्रार्थनेला रोज नाडगीत, म्हणजे कर्नाटकचे राज्यगीत, आणि राष्ट्रगीत होते. एका मुलीने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा, ही आमची रीत. गेली चार वर्षे सूर धरणारी मुलगी पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून, गात असे. तिचा आवाज इतका स्वच्छ होता की ही पट्टी बदलावी असे मला कधी वाटलेच नाही.

गेल्या १५ ऑगस्टला झेंडा फडकला, राष्ट्रगीत झाले आणि खाऊवाटप चालू असताना गावातले निवृत्त सुभेदार माझ्यापाशी आले. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची उभी हयात गेलेली. ते म्हणाले, "गुरुजी, नोकरीत बँडवर सलामी दिली, तोंड उघडायचा प्रश्न नव्हता. आता गावात म्हणावं वाटतं, तर तुमचं ते 'जय हे' आमच्या गळ्याला गावत नाही. सगळे गडी तिथं गप्प होतात, बघितलंय का तुम्ही?"

मी बघितले नव्हते. माझे लक्ष नेहमी मुलांकडे असे आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांकडे माझी पाठ असे. त्या संध्याकाळी मी पेटी काढून राष्ट्रगीत एकेक स्वर वाजवून पाहिले. पहिल्या 'विधाता'ला चाल मंद्र निषादाला, म्हणजे सा-च्या खालच्या नि-ला, स्पर्श करते आणि शेवटाकडच्या पहिल्या 'जय हे'ला तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा-वर, जाते. एवढाच विस्तार आहे, सप्तकाहून जेमतेम अर्धा स्वर जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला दीड सप्तक लागते, त्या मानाने आपली चाल लोकांच्या गळ्याला कितीतरी जवळची आहे. अडचण चढाच्या जागेची आहे. सुरुवात सा, रे, ग अशी सोपी होते आणि बराच वेळ सगळे गंधाराच्या, म्हणजे ग-च्या, आसपास फिरत राहते, त्यामुळे कुठल्याही पट्टीत आरंभ केला तरी आपल्याला जमणार असेच प्रत्येकाला वाटते. पुढे दुसरे 'भाग्य विधाता' गंधारावर येऊन थांबते आणि तिथून आधाराविना एकदम निषादावर उडी घ्यावी लागते, मग तार षड्ज. गाण्याची सवय नसलेल्या पुरुषाला पांढरी चारमध्ये हा षड्ज किंचाळल्याशिवाय मिळत नाही. भजनी मंडळातले टाळकरी तिथे पोहोचतात, कारण ते दर एकादशीला गळा तापवतात. बाकीचे खाली बघत उभे राहतात आणि आपण ते भक्तिभाव समजतो.

चाल सोपी करण्याचा अधिकार मला नाही आणि असता तरी मी एक स्वरही हलवला नसता. १९४३ मध्ये आझाद हिंद सरकारने शब्द सोप्या हिंदुस्थानीत करून घेतले, तो त्या काळाचा निर्णय होता. २४ जानेवारी १९५० पासून आपले शब्द आणि चाल ठरलेली आहे. शिक्षकाच्या हातात राहते ती पट्टी आणि लय. गृह मंत्रालयाच्या सूचनांत पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद दिलेले आहेत; आमच्या मैदानावर घड्याळ लावले तेव्हा सत्तरच्या वर गेले. इतके रेंगाळले की श्वास 'जय हे'च्या आधीच संपतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. शालेय स्पर्धांचे परीक्षक उंच पट्टीला टाळ्या आणि गुण देतात, ही सवय आम्हा शिक्षकांच्याही अंगात मुरलेली आहे, आणि मला ती चुकीची वाटते.

जानेवारीत आठवडाभर संध्याकाळी मी गावकऱ्यांना शाळेत बोलावले. पट्टी खाली आणून पांढरी एक ठेवली. सुरुवातीपासून न शिकवता आधी तिन्ही 'जय हे' घेतले: नि नि सां, नि ध नि, ध प ध. वरचा षड्ज सर्वांना लागला की तिथून खाली उतरून 'जन गण'चा सा धरायचा. जिना आधी वरून पाहिला की चढताना भीती राहत नाही, हे मला पेटी शिकवणाऱ्यांनी फार पूर्वी सांगितले होते. शब्दांचीही झाडझूड केली, कारण निम्मे लोक 'उच्छल'ऐवजी 'उज्ज्वल' म्हणत होते. 'आशिष मागे' यातले 'मागे' म्हणजे पाठीमागे, असे मुलांना वाटत होते. भजनातल्या एका आजींनी अभंगातले 'मागे' आठवून 'मागतो' हा अर्थ बरोबर लावला. बंगाली आणि मराठी तिथे एक झाली, तेव्हा मला फार आनंद झाला.

२६ जानेवारीला सुभेदार झेंड्याखाली ताठ उभे राहिले आणि तार षड्जापर्यंत गायले. गळ्याच्या शिरा दिसत होत्या, पण सूर लागला होता. मागून येणारा पुरुषांचा आवाज मी बावीस वर्षांत प्रथमच ऐकला.

त्याच वेळी पुढच्या रांगेतली पहिली-दुसरीची मुले 'विधाता'ला नुसते ओठ हलवत होती. इतक्या खालच्या पट्टीतला मंद्र निषाद त्यांच्या गळ्यात नाहीच. सूर धरणारी मुलगी नंतर म्हणाली, "गुरुजी, आज माझा आवाज मलाच ऐकू आला नाही." तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही आणि आजही सुचत नाही. आता रोजच्या प्रार्थनेला मी पांढरी तीन घेतो, आणि गाव जमणार असेल त्या दिवसासाठी पांढरी दोन करून पाहतो आहे. परवा पेटी घेऊन सुभेदारांच्या सोप्यात बसलो होतो. पांढरी दोनमध्ये पहिला 'जय हे' त्यांना तीन वेळा लागला, चौथ्या वेळी फाटला.